सर्वानुमते, अपवाद वगळता

फटाक्यांवर बंदी हवीच, याबद्दल आमच्या मीरा रोडमध्ये दोन मतं नाहीत. जून-जुलैत कुणालाही विचारा. शेअर रिक्षाच्या रांगेत, लोकलच्या दारात, भाजीच्या गाडीवर, कुठेही. "अहो, पैसे जाळायचे आणि वर धूर खायचा. हवाय कुणाला हा प्रकार?" असं म्हणत लोक फुकटची कोथिंबीर पिशवीत टाकतात. फटाक्यांची बाजू घेणारा माणूस धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसापर्यंत या शहरात सापडतच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो सगळ्या बाल्कन्यांमधून एकदम बाहेर येतो.

आणि बाल्कन्या आमच्याकडे भरपूर. २०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजार भरली होती. त्यानंतर किती वाढली ते सकाळी गाडीत शिरताना बरगड्यांना कळतं. इमारती इतक्या जवळजवळ की समोरच्या घरात मिरचीची फोडणी पडली तर ठसका आमच्याकडे लागतो. अशा दोन टॉवरच्या मध्ये एखादा सुतळी बॉम्ब फुटला की तो एकदा फुटून थांबत नाही. आवाज ए विंगला आपटतो, तिथून बी विंगला, तिथून समोरच्या सोसायटीला, आणि पुन्हा आमच्या बेडरूममध्ये येऊन विसावतो. मग पार्किंगमधल्या गाड्यांचे अलार्म सुरू होतात. आपली गाडी कुठली ओरडतेय ते ओळखायला प्रत्येक मालक खिडकीत येतो आणि लांबूनच रिमोट दाबतो. त्यामुळे गप्प असलेल्या गाड्याही दिवे मिचकावू लागतात. तोपर्यंत खाली दुसऱ्या बॉम्बची वात लागलेली असते.

आवाजाला सरकारी मर्यादा आहे. फटाका जिथे फुटतो तिथून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको. हा नियम ज्यांनी केला त्यांच्याकडे चार मीटर मोकळी जागा असणार. आमच्या आवारात फटाका ठेवून चार मीटर मागे सरायचं म्हटलं, तर पहिल्या मीटरला कुणाची तरी स्कूटर, दुसऱ्याला वॉचमनची खुर्ची, तिसऱ्याला पाण्याच्या टाकीचं झाकण आणि चौथा मीटर शेजारच्या सोसायटीत. तिथे उभं राहून आवाज मोजला तर ती त्यांची तक्रार होते, आपली नाही.

बाकी कायद्याच्या बाबतीत आमची सोसायटी सुशिक्षित आहे. २०१५मध्ये दिल्लीतल्या तीन तान्ह्या मुलांच्या नावाने त्यांचे वडील सर्वोच्च न्यायालयात गेले, हे आम्हाला माहीत आहे. मुलं सहा ते चौदा महिन्यांची. आमच्याकडे चाळिशीतला मुलगासुद्धा बापाच्या नावाने मेंटेनन्स भरतो, आणि तिथे बाप मुलांच्या नावाने कोर्टात. त्या खटल्यात २३ ऑक्टोबर २०१८ला निकाल लागला: फक्त हरित फटाके, दिवाळीत रात्री आठ ते दहा, बेरियमच्या क्षारांना बंदी, ऑनलाइन विक्रीला बंदी आणि लांबलचक माळांनाही बंदी. शिवाय, सामुदायिकरीत्या फटाके उडवायला जागा ठरवून देता येते का ते पाहा, अशीही सूचना. आमच्या सोसायटीने ती जागा निकालाच्या आधीच ठरवलेली होती. माझ्या बेडरूमची खिडकी.

२०२३ साली हवेचा विषय मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून हातात घेतला. ६ नोव्हेंबरला मुंबई महानगर पट्ट्यातल्या सगळ्या महापालिकांसाठी वेळ ठरली संध्याकाळी सात ते दहा. चारच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यातला एक तास कापून पुन्हा आठ ते दहा. लक्ष्मीपूजन १२ तारखेला. मधल्या चार दिवसांत आमच्या चारशे दोनने तीन तासांच्या हिशोबाने माल भरला होता. "साहेब, आता एक तासाचा स्टॉक मी काय लोणचं घालू?" असं तो मला लिफ्टमध्ये विचारत होता, जणू खंडपीठात मी बसलो होतो. शेवटी तो कापलेला तास त्याने दहा ते अकरामध्ये भरून काढला.

चारशे दोन म्हणजे फ्लॅट नंबर. आमच्याकडे माणसांना नावं आहेत, पण ती फक्त कुरियरवाल्यांना ठाऊक असतात. एकशे एक म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सातशे तीन म्हणजे दम्याच्या पंपासकट वावरणाऱ्या काकू. चारशे दोनचं भाईंदरला इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान. मी बाराशे चार. बाराव्या मजल्यावर राहत असल्यामुळे रॉकेट माझ्याकडे पाहुणे म्हणून येतात.

गेल्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सातशे तीनच्या काकूंनी विषय काढला. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणून ती आमच्याकडे २८ किंवा २९ला होते. नेहमीप्रमाणे साडेआठला गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब झाली आणि त्याच खुर्च्यांवर, तेवढ्याच लोकांनिशी, नऊला वैध ठरली. गळती झाली, टँकर झाला, पार्किंगवरून दोघे उठून गेले आणि समोसे आल्यावर परत आले. मग अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. काकू उभ्या राहिल्या.

"सोसायटीच्या आवारात फटाके फोडायला पूर्ण बंदी. ठराव मांडते."

सगळ्यांचे हात वर. चारशे दोनचे तर दोन्ही, कारण त्याच्याकडे भावाच्या फ्लॅटची प्रॉक्सी होती. सेक्रेटरींनी 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं आणि पूर्णविराम देणार, एवढ्यात तो म्हणाला, "हां, बस लक्ष्मीपूजनाची एक माळ सोडून."

"सोडून म्हणजे?"

"दुकानात चोपडापूजन झालं की घरी येऊन एक माळ लावावी लागते, काकी. लक्ष्मीमाता येते तेव्हा तिला कळलं पाहिजे."

"लक्ष्मीला ऐकू कमी येतं का?"

"ऐकू बरोबर येते. पण इतक्या टॉवरमध्ये आपला कुठला, तिला कसं समजणार? गुगलचा पिन पण आपल्याकडे मागच्या गल्लीत पडतो."

हे खरं होतं. अपवाद एक, लिहिला गेला.

मग एकशे एक उठले. निवृत्त मुख्याध्यापक उठले की आम्ही सगळे नकळत ताठ बसतो. "लक्ष्मीपूजन ठीक आहे. पण आपल्या मराठी माणसाची दिवाळी नरकचतुर्दशीच्या पहाटे असते. उटणं, अभ्यंगस्नान, डाव्या अंगठ्याने कारीट फोडायचं आणि मग एक लवंगीची माळ. त्याला फटाके म्हणू नका. तो विधी आहे." हा विधी ते दरवर्षी सव्वाचारला, माझ्या बाथरूमच्या डक्टखाली पार पाडतात. पूर्ण कॉलनीत पहिला आवाज आपला व्हावा, ही त्यांची लहानपणापासूनची महत्त्वाकांक्षा आहे आणि पेन्शन सुरू झाल्यापासून तिला पूर्ण वेळ मिळतो.

सेक्रेटरी हळूच म्हणाले, "सर, रात्री दहा ते सकाळी सहा फटाक्यांना २००५पासून बंदी आहे. सुप्रीम कोर्टाची."

"नरकासुराला मारायला श्रीकृष्ण सहा वाजेपर्यंत थांबला होता का?"

या प्रश्नाला उपविधींमध्ये उत्तर नाही. पण सहाशे चारचा आयटीवाला मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "सर, तमिळनाडूने मागितली होती सकाळची वेळ. २०१८मध्येच. कोर्टाने सांगितलं, दोन तास कुठले ते तुम्ही ठरवा. त्यांनी सकाळी सहा ते सात घेतले आणि संध्याकाळी सात ते आठ."

सर खुर्चीत बसले. आम्ही त्यांना इतकं दुखावलेलं पार्किंगच्या वादातही पाहिलं नव्हतं. "म्हणजे नुसती मागायची होती? आणि आपलं सरकार काय झोपलं होतं?"

"पहाटेची गोष्ट ना, सर," मी पुटपुटलो. माझे विनोद नेहमी पुटपुटण्याच्या पातळीवरच राहतात. त्यामुळेच मी इतकी वर्षं मॅनेजिंग कमिटीवर टिकून आहे. त्या सभेतही मी प्रत्येक वक्त्याकडे बघून मान हलवत होतो. माझी मान दोन्ही बाजूंना सारखीच वळते.

सर पुन्हा उठले ते इतिहास घेऊन. एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरात दारूकामाची वर्णनं आहेत, म्हणाले. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीची हकीकत सांगितली, तिथे दारूची अख्खी लंका करतात, रावण, राक्षस, वानरं आणि शेपटीला आग लावलेला हनुमान. ते ऐकून पेशव्यांनी तसाच देखावा पर्वतीच्या पायथ्याशी करवला. बखरीत लिहिलंय. "ही आपली परंपरा!"

"पेशव्यांनी पर्वतीखाली मोकळ्या मैदानात उडवलं," तीनशे एक म्हणाला. "तुम्ही माझ्या स्कूटरखाली उडवता."

तरीही अपवाद दोन लिहिला गेला. पेशव्यांच्या विरोधात मत देणार कोण?

पाचशे एकचं कुटुंब मूळचं उत्तनचं. त्यांनी फार बोलायचं कारणच नव्हतं. ते फक्त म्हणाले, "आमचं तर कोर्टानेच लिहून दिलंय. नाताळ आणि थर्टी फर्स्ट, रात्री अकरा पंचावन्न ते बारा तीस." सगळे गप्प. पस्तीस मिनिटांचा सर्वोच्च न्यायालयाचा परवाना खिशात घेऊन फिरणारा माणूस आपल्यात राहतो, हे आम्हाला नव्यानेच कळत होतं. अपवाद तीन. त्यानंतर मात्र बांध फुटला. शब-ए-बरातला पोरं लहानपणापासून फुलबाज्या लावतात, ते धरा. छठला जेसल पार्कच्या खाडीवरून अर्घ्य देऊन परत आल्यावर थोडंसं. हे सांगणारे भाडेकरू होते, आणि भाडेकरूंना सभेत मत नसतं, पण आवाज असतो. तुळशीचं लग्न. माणसांची लग्नं. गणपतीचं विसर्जन. भारत-पाकिस्तान सामना, "पण जिंकलो तरच" अशा उपसूचनेसह. निवडणुकीचा निकाल हा विषय सेक्रेटरींनी घेतलाच नाही. विजयी उमेदवाराची माळ बाहेरच्या रस्त्यावर लागते आणि रस्ता महापालिकेचा आहे, एवढं त्यांनी सांगितलं. सगळ्यांना हायसं वाटलं. आमच्यापैकी कुणाचे ना कुणाचे मेव्हणे त्या माळेजवळ उभे असतातच.

काकूंचा ठराव आता दीड पान झाला होता. बंदीची ओळ पहिलीच होती आणि अजून कुणी खोडली नव्हती.

"निदान लहान मुलांचं तरी राहू दे," चारशे दोनची बायको म्हणाली. "फुलबाजी, भुईचक्र, अनार, नागगोळी. त्यात कसला आवाज?" याला काकूंचाही विरोध नव्हता. नातू त्यांनाही आहे. सेक्रेटरी 'शोभेचे व बिनआवाजी प्रकार वगळून' असं लिहीत होते, तेव्हा तीनशे दोनची मुलगी उठली. ती मेडिकलला आहे. सोसायटीत कुणाला शिंक आली तरी तिला दार उघडून विचारतात, त्यामुळे ती सहसा सभेला येत नाही.

"काका, पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठाच्या मुलांनी २०१६मध्ये फटाक्यांचा धूर मोजला होता. सगळ्यात वाईट काय निघालं माहीत आहे? नागगोळी."

हशा पिकला. तिने आकडे वाचले. फुफ्फुसात खोल जाणारे ते सूक्ष्म कण, पीएम २.५. अनारात घनमीटरला ४,८६० मायक्रोग्रॅम. भुईचक्रात ९,४९०. फुलबाजीत १०,३९०. हजाराच्या माळेत ३८,५४०. आणि नागगोळीत ६४,५००.

मला नागगोळी चांगली आठवते. औषधाच्या गोळीएवढी काळी टिकली. काडी लावली की आधी नुसती फुसफुसते, मग तिच्या पोटातून करडा-काळा नाग वळवळत वर येतो, एका बाजूला कलतो आणि वारा आला की मोडून पडतो. पोरं तोंड अगदी वर नेऊन बघतात, कारण मजा तीच. फरशीवर राहिलेला काळा डाग पुढच्या दिवाळीपर्यंत टिकतो. आवाज शून्य. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात गरीब, आणि सगळ्यात जास्त धूर तिचाच.

सभेचा सूर एका क्षणात बदलला. इतका वेळ बंदी घालायला काही सापडत नव्हतं, ते सापडलं होतं. नागगोळीशिवाय कुठल्याच देवाचं अडत नव्हतं. कुणाच्या पूजेत ती नव्हती, कुठल्या संतांनी तिचं वर्णन केलं नव्हतं, पेशव्यांनी ती बघितली नव्हती. तिच्या बाजूने उभं राहील असा एकही सभासद नव्हता, कारण जे तिचे खरे चाहते होते त्यांना सभासद व्हायला अजून चौदा-पंधरा वर्षं होती.

"नागगोळीवर संपूर्ण बंदी," चारशे दोन गरजला. "दंड पाचशे रुपये!"

सूचक चारशे दोन, अनुमोदक एकशे एक. सर्वानुमते मंजूर. टाळ्या झाल्या. काकूंनी पंप ओढला.

आमच्या घरी मात्र मी खऱ्या अर्थाने कायदा पाळायचं ठरवलं. म्हणजे बायकोने ठरवलं आणि मला पिशवी दिली. "अहो, हरितच आणा. डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून बघा, नाहीतर नेहमीसारखं दुकानदार म्हणेल ते घेऊन याल." हरित फटाके ही आपल्या नागपूरच्या 'नीरी'ची देणगी. तिथल्या शास्त्रज्ञांनी 'श्वास', 'स्टार' आणि 'सफल' असे तीन प्रकार काढले. 'श्वास' फुटताना पाण्याची वाफ सोडून धूळ दाबतो, 'सफल'मध्ये ॲल्युमिनियम कमी. धूर निदान तीस टक्क्यांनी घटतो. नावं मात्र योगासनांच्या शिबिरात शोभतील अशी.

स्टॉलवर ही गर्दी. मागून रेटा, पुढून दुकानदाराचा आवाज, डोक्यावर लटकणारे पिचकाऱ्यांएवढे रॉकेट. मी विचारलं, "हे हरित आहेत का?"

"पूरा ग्रीन आहे, साहेब. डबाच बघा ना."

डबा खरोखर हिरवा होता. आत काय रंग होता ते फोडल्याशिवाय कळणार नव्हतं. मी नेटाने मोबाइल काढला, दिसला तो क्यूआर कोड स्कॅन केला. मोबाइलने विचारलं, 'रक्कम टाका'. "बरोबर आहे," दुकानदार म्हणाला, "टाका." मागचे लोक म्हणाले, "टाका ना काका, पुढे सरका." मी टाकली. आत 'श्वास' निघाला का 'सफल', हे आजतागायत आमच्या घरात कुणी विचारलेलं नाही.

परत येताना लिफ्टमध्ये सहाशे चार भेटला. त्याच्या हातात दोन पिशव्या. "काका, तीस टक्के पोल्यूशन कमी म्हणजे तीस टक्के जास्त फोडायला हरकत नाही. शेवटी सेमच." लिफ्टच्या कोपऱ्यातून सरांचा आवाज आला. "तीस नव्हे. त्रेचाळीस. शंभर भागिले सत्तर करून बघ." मुलाने मोबाइलवर करून बघितलं आणि लिफ्ट उघडताच पुन्हा खाली गेला.

२०१७ साली तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी राज्यात फटाकेबंदीची भाषा केली, तेव्हा राज ठाकरे यांनी विचारलं होतं की आता फटाके काय व्हॉट्सॲपवर फोडायचे का. त्यांना आमचा सोसायटी ग्रुप दाखवायला हवा. धनत्रयोदशीच्या रात्री साडेदहाला काकूंचा पहिला संदेश आला, 'दहा वाजून गेले आहेत, कृपया.' त्यावर कुणी हात जोडले. कुणी दिव्यांची आरास टाकली. कुणीतरी विचारलं, बकरी, कुत्री, घोडे, लग्नातले डीजे, यांच्याबद्दल तेव्हा कुठे होता तुम्ही? काकूंनी लिहिलं, तेव्हाही मी सातव्या मजल्यावरच होते. एकाने शिवकाशीतल्या कामगारांच्या पोटापाण्याचा प्रश्न काढला. हा गृहस्थ घरातल्या बाईचे सुट्टीचे पैसे कापतो. एकाने 'पर्यावरणपूरक दिवाळी साजरी करूया' हा व्हिडिओ खालून, पहिल्या माळेच्या शेजारी उभं राहून पाठवला. तो माळेच्या आवाजात त्याला स्वतःलाही ऐकू आला नसेल.

नरकचतुर्दशीच्या रात्री अकराला बायको म्हणाली, "तुम्ही कमिटीवर आहात ना? मग करा काहीतरी." मी पोलिसांना फोन लावला.

"आवाज कुठून येतोय?"

"सगळीकडूनच."

"नक्की कुठून ते सांगा. आणि तुमचं नाव?"

नाव म्हटल्यावर मी आवाज एकदम कमी केला आणि बिल्डिंगचं नाव सांगितलं. मग नैतिक जबाबदारी म्हणून, आणि पोलिस येईपर्यंत आपण काही केलं असं दिसावं म्हणून, खाली गेलो. पोरं पार्किंगच्या तोंडाशी होती. चांगली, शिकलेली पोरं. मी घसा साफ करून म्हणालो, "अरे, दहा वाजून गेले ना?"

"लास्ट आहे काका, प्रॉमिस. एक मिनिट हे धरा." असं म्हणून त्यातल्या एकाने पेटलेली उदबत्ती माझ्या हातात दिली आणि लक्ष्मी बॉम्बच्या वातीवरचा कागद नखाने सोलायला बसला. काम मोठ्या निगुतीचं. कागद निघाला, आतली करडी दारू दिसली, थोडी अंगठ्याला लागली, ती त्याने पँटला पुसली. मीही जरा वाकून बघत होतो. वात नीट सोलणारी माणसं आता फार राहिली नाहीत.

तेवढ्यात गेटमधून निळा-लाल दिवा आत आला. पोरं कुठे गेली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पार्किंगमध्ये मी, पायाशी बॉम्ब, हातात उदबत्ती.

हवालदारांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "काका, या वयात?"

"मीच फोन केला होता."

"सगळे असंच म्हणतात." त्यांनी वही काढली. माणूस थकलेला होता. २०१८च्या निकालात कोर्टाने लिहून ठेवलंय की नियम मोडले गेले तर त्या ठाण्याच्या प्रमुखाला व्यक्तिशः जबाबदार धरलं जाईल. त्यामुळे लाखो लोकांनी फोडलेल्या फटाक्यांची उत्तरं एका खुर्चीने द्यायची आणि त्या खुर्चीसाठी हे रात्रभर गल्ल्या पालथ्या घालणार. एखादा पेटती उदबत्ती हातात असलेला, पळून न गेलेला इसम मिळाला, तर ते सोडणार कसे? माझ्या नावापुढे 'समज दिली' असं लिहिलं गेलं. वर सोळा-सतरा खिडक्यांतून लोक बघत होते. रात्री ग्रुपवर चारशे दोनने लिहिलं, 'कमिटी मेंबरनेच नियम पाळले नाहीत तर बाकीच्यांनी काय आदर्श घ्यायचा?' त्याला अंगठे पडले. त्यात एक काकूंचा होता.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. आठ वाजता कोर्टाची वेळ सुरू झाली तेव्हा आमच्या आवारात धूर इतका होता की सुरू झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. चारशे दोनने दुकानातून येऊन लक्ष्मीला पत्ता कळावा म्हणून दहा हजारांची माळ गेटपासून बी विंगच्या पायरीपर्यंत अंथरली. ती अपवाद एकमध्ये बसत होती. 'एक माळ' एवढंच ठरावात होतं, किती हजारांची ते लिहायचं राहून गेलं होतं. सेक्रेटरी, खजिनदार आणि मी नवीन कपडे घालून कानांवर हात ठेवून उभे होतो. वात लागली.

माळ निम्म्यावर आली असेल, तेव्हा वॉचमन धुरातून धावत आला. तो काहीतरी सांगत होता, पण ओठच दिसत होते. शेवटी त्याने सेक्रेटरींचा हात धरून त्यांना ए विंगच्या जिन्याखाली नेलं. आम्हीही गेलो. तिथे काकूंचा पाच वर्षांचा नातू उकिडवा बसला होता. समोर फरशीवर एक करडा नाग वळवळत वर येत होता आणि पोरगा तोंडाचा चंबू करून त्याला फुंकर घालत होता.

कायद्याचा पहिला भंग. खजिनदारांनी खिशातून पावतीपुस्तक काढलं. ते दंडासाठी मुद्दाम छापून घेतलेलं होतं आणि अजून कोरं होतं. मुलाचा बाप धावत खाली आला. सेक्रेटरींनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "पाचशे रुपये! नागगोळी!"

"काय?"

"नागगोळी! प्रदूषण!"

"कोण?"

"थांबा," खजिनदार ओरडले, "आधी माळ संपू दे!"